व्याख्यानाच्या पडद्यावरील चित्रखुणा : इमोजीच्या पूर्वपीठिकेचा एक विचार

विद्यापीठीय परिसंवादांत स्लाइडांच्या साहाय्याने विषय मांडण्याची प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की, हाती नुसते टिपण घेऊन उभा राहणारा वक्ता अपवादच म्हणावा लागेल. ह्या स्लाइडांवर शब्दांच्या जोडीला इमोजी घालण्याचा प्रघात अलीकडे वाढतो आहे. मुद्द्याच्या आरंभी दिवा, निष्कर्षापाशी बरोबरची खूण, अडचणीपाशी कपाळाला आठ्या घातलेला चेहरा, आणि शेवटच्या स्लाइडवर जोडलेले हात. ह्या प्रघाताविषयी अध्यापकांत दोन पक्ष पडलेले दिसतात. एका पक्षाच्या मते त्यामुळे श्रोत्यांचे लक्ष खिळून राहते. दुसऱ्याच्या मते हा निव्वळ पोरकटपणा आहे. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरून चालतात. ती ही की, मजकुराशेजारी चित्रखूण ठेवण्याची कल्पना नवी असून ती भ्रमणध्वनीच्या पोटी जन्मली. ही समजूत ऐतिहासिक दृष्ट्या टिकणारी नाही, आणि ती दूर झाल्याखेरीज मूळ प्रश्नाचा निवाडाही नीट होणार नाही.

प्रथम संज्ञेविषयी थोडेसे. प्राचीन ईजिप्तच्या लेखनातील चित्रे आणि इमोजी ह्यांची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु त्या लेखनात चित्राचे पुष्कळदा ध्वनिचिन्ह झालेले असते; ते वाचले जाते, उच्चारले जाते. इमोजीला नियत उच्चार नाही, त्यांची जुळणी करणारे व्याकरणही नाही. ती लिपी नव्हे. शब्दांनी लिहिलेल्या मजकुराशेजारी बसून काही तरी वेगळे कार्य करणारी ती खूण आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ‘चित्रखूण’ हा शब्द योजिला आहे. ‘इमोजी’ हा शब्द जपानी असून ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर अशी त्याची फोड आहे. भावनावाचक इंग्रजी ‘इमोशन’ शब्दाशी त्याचे दिसणारे साम्य केवळ आकस्मिक होय. ह्या आकस्मिक साम्यामुळे इमोजी म्हणजे भावनेचे चिन्ह, असा अर्थसंकोच सर्वत्र झाला. लौकिक व्युत्पत्ती शब्दाचा अर्थ कसा वळविते ह्याचे हे ताजे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मजकूर आणि चित्रखूण ह्यांचे साहचर्य पाहावयाचे तर आपल्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. कोकणात शिलाहारांच्या काळातील जे दानलेख शिळांवर कोरलेले आढळतात, त्यांच्या शिरोभागी पुष्कळदा सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावे, ह्या अर्थाची ती खूण. जेथे हा शब्द मजकुरातही येतो तेथे चित्र त्या शब्दाची पुनरुक्ती करते. जेथे येत नाही तेथे चित्र एकट्यानेच ते वाक्य बोलते. काही शिळांच्या अधोभागी गाढवाचे ते कुप्रसिद्ध शिल्प असते, ज्यावरून अशा शिळांना ‘गधेगाळ’ हे नाव पडले. दान मोडणाऱ्यास दिलेली शिवी तेथे चित्ररूपाने मूर्त केलेली असते. आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात असलेल्या परळच्या शिळेवर, जी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, ही शिवी मराठी शब्दांतही आहे आणि शिल्पातही आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात, शिवी मात्र लोकभाषेत, आणि त्या खाली चित्र! एकाच शिळेवर तीन प्रकारच्या वाचकांची सोय लावलेली दिसते : संस्कृत जाणणारा, फक्त मराठी जाणणारा, आणि अक्षरशत्रू.

ह्या योजनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, चित्र मजकुराची शोभा वाढविण्यासाठी नाही. ज्याच्यापर्यंत मजकूर पोचणार नाही अशा माणसासाठी ते आहे. दुसरी ही की, अशा खुणांची संख्या अगदी थोडी होती. सूर्य, चंद्र, सवत्स धेनू, कलश, गाढव. ह्यापलीकडे फारशी भर पडली नाही, आणि शतकानुशतके त्यांचा अर्थ बदलला नाही. गाव बदलले तरी खूण तीच. मजकूर न वाचता येणारा गुराखीही ती ‘वाचू’ शके, ह्याचे कारण तिचा आकार बोलका होता हे नसून ती पूर्वी शेकडो वेळा पाहिलेली होती, हे आहे. चंद्रसूर्याच्या जोडीतून ‘दान अखंड चालावे’ हा अर्थ काढणे हे डोळ्यांचे काम नव्हे; ते संकेताचे काम आहे.

व्याख्यान आणि चित्र ह्यांचे नाते वेगळ्या वाटेने विकसित झाले. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवर रंगविलेल्या चित्रांची पोथी पुढे ठेवून, एकेक पान दाखवीत, रामायण-महाभारतातील आख्याने गात. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकातील ग्रंथातही येतो, तेव्हा ही परंपरा चांगलीच जुनी असली पाहिजे. एक चित्र पुढे, त्याविषयीचे निरूपण, मग ते पान बाजूला सारून दुसरे. स्लाइडांच्या व्याख्यानाचा सांगाडा ह्याहून निराळा नाही. युरोपात क्रिस्तिआन हायगेन्स ह्याने १६५९ मध्ये जादूच्या कंदिलासाठी काढलेली रेखाटने उपलब्ध आहेत. त्यांत एक सांगाडा स्वतःचे मुंडके काढून हातात घेताना दाखविला आहे. ज्ञानप्रसाराचे हे साधन प्रथम गमतीसाठी योजले गेले हे मौजेचे आहे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र ह्यांनी ह्याच यंत्राचे ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नामकरण करून काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ केले. चित्रे इतक्या झपाट्याने बदलली जात की, ती हालत आहेत असा भास होई. जोडीला निवेदन आणि संगीत असे.

चित्रकथ्याच्या पोथीत किंवा शांबरिक खरोलिकेच्या काचेवर मजकूर वाचावयास नसे. चित्र हे प्रतिपाद्य, आणि वाणी हे त्याचे विवरण, अशी वाटणी स्वच्छ होती. डोळ्याला एक काम, कानाला दुसरे. आजच्या स्लाइडवर ही वाटणी उलटी झाली आहे. पडद्यावर मजकूर असतो, वक्ता पुष्कळदा तोच मजकूर मोठ्याने वाचतो, आणि चित्र कोपऱ्यात भरतीला असते. हा उलटापालट केव्हा झाला? माझ्या मते त्याचा काळ बराच नेमका सांगता येतो.

रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ह्यांनी फोरथॉट नावाच्या लहानशा कंपनीत जो संगणकीय कार्यक्रम तयार केला, तो ‘पॉवरपॉइंट’ ह्या नावाने एप्रिल १९८७ मध्ये मॅकिन्टॉश यंत्रासाठी विक्रीस आला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लक्ष डॉलर देऊन ती कंपनी विकत घेतली. ह्या पहिल्या आवृत्तीत रंग नव्हते; कचेरीतील सभांत पारदर्शक पत्रे ठेवून पडद्यावर अक्षरे पाडण्याची जी पद्धत होती, त्या पत्र्यांवरचा मजकूर नीटनेटका छापून मिळावा एवढाच तिचा हेतू. म्हणजे पॉवरपॉइंटची वंशावळ पाहिली तर तिचा पूर्वज जादूचा कंदील नव्हे, तर कचेरीतील टाचण होय. मथळा, त्याखाली ठिपका, ठिपक्यापुढे अर्धे वाक्य, त्याच्या पोटात आणखी लहान ठिपका, ही टाचणाची रचना त्यातून सभागृहात आली आणि तेथून वर्गात शिरली. कोडॅक कंपनीने छायाचित्रांच्या स्लाइडा दाखविणारी यंत्रे बनविणे २००४ मध्ये थांबविले, तेव्हा कलेतिहासाच्या वर्गांतून टिकून राहिलेली चित्रप्रधान व्याख्यानाची पद्धतीही बरीचशी मावळली. पडदा हा लेखनाचा कागद झाला. आणि कागद रुक्ष दिसू लागताच त्याला सजविण्याची गरज भासू लागली. तयार चित्रांचा साठा हा त्या गरजेचा पहिला परिणाम, आणि इमोजी हा दुसरा. मायक्रोसॉफ्टने आपला तो तयार चित्रांचा साठा २०१४ च्या अखेरीस बंद केला. जवळपास त्याच सुमारास इमोजी संगणकांवर सर्वत्र रुळले होते. रिकामी झालेली जागा त्यांनी घेतली असे म्हणण्यास हरकत नाही.

मुद्रणकलेतील खुणांचा इतिहासही येथे थोडक्यात पाहिला पाहिजे. युरोपातील हस्तलिखितांच्या समासात वाचक तर्जनी रोखलेला हात काढून महत्त्वाचा मजकूर दाखवीत. पुढे तो हात खिळ्यांत ओतला गेला आणि छापील पुस्तकांत व जाहिरातींत आला. हेर्मान झाफ ह्यांनी १९७८ च्या सुमारास अशा हातांचा, ताऱ्यांचा, कात्र्यांचा आणि बरोबरच्या खुणांचा जो संच रेखिला, तो लेसर मुद्रकांबरोबर घरोघर पोचला आणि १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये त्याला जागा मिळाली. मायक्रोसॉफ्टचा ‘विंगडिंग्ज’ हा संच असाच. त्यात इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या जागी हसरा चेहरा बसविलेला होता. त्यामुळे पत्रलेखकाने काढलेला हसरा चेहरा दुसऱ्या यंत्रावर नुसता ‘जे’ होऊन उमटे, आणि हा ‘जे’ कोण, असा प्रश्न कित्येकांना पडला. खूण आणि तिचा संकेतांक ह्यांत फारकत झाली की काय होते ह्याचा तो वस्तुपाठ होता. मराठी टंकांच्या बाबतीत आपण हाच घोटाळा कितीतरी वर्षे सोसला आहे. एका टंकात लिहिलेला प्रबंध दुसऱ्या यंत्रावर उघडताच त्याचा अक्षरांचा उकिरडा होई.

तथापि मजकुराशेजारची चित्रखूण शास्त्रशुद्ध रीतीने योजावी कशी, ह्याचा पहिला पद्धतशीर विचार केला तो ओटो नॉयराट ह्यांनी. व्हिएन्ना मंडळातील हे तत्त्वज्ञ. त्यांनी १९२५ मध्ये व्हिएन्ना शहरात समाज व अर्थव्यवहार ह्यांविषयीचे एक संग्रहालय उभारले. कामगारांना आपल्या शहरातील घरे, आजार, जन्ममृत्यू, उत्पादन ह्यांची आकडेवारी समजावी हा त्याचा उद्देश. मारी रायडेमाइस्टर आणि चित्रकार गेर्ट आर्न्ट्झ ह्यांच्या सहकार्याने त्यांनी जी चित्रपद्धती सिद्ध केली, तिला पुढे १९३५ मध्ये ‘आयसोटाइप’ हे नाव मिळाले. तिचा एक नियम आजही प्रत्येक स्लाइड करणाऱ्याने पाठ करावा असा आहे : संख्या वाढली तर खूण मोठी काढावयाची नाही, तीच खूण तेवढ्या वेळा काढावयाची. दुप्पट माणसांसाठी दुप्पट उंचीचा माणूस काढला तर डोळ्याला तो चौपट भासतो. दोन माणसे काढली तर ती दोनच दिसतात. दुसरा दंडक असा की, एका वस्तूला एकच खूण, आणि ती सर्व तक्त्यांत तीच. तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आकडे गोळा करणारा तज्ज्ञ आणि चित्र काढणारा कलावंत ह्यांच्या मध्ये नॉयराट ह्यांच्या संस्थेत एक स्वतंत्र माणूस असे. काय दाखवावयाचे आणि काय वगळावयाचे हे तो ठरवी. त्यास ते ‘परिवर्तक’ म्हणत. रायडेमाइस्टर ह्यांचे मुख्य काम हेच होते.

नॉयराट ह्यांना १९३४ मध्ये ऑस्ट्रिया सोडून हेगला आणि १९४० मध्ये तेथूनही इंग्लंडला पळून जावे लागले. १९४५ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. आंतरराष्ट्रीय चित्रभाषेवरील त्यांचे १९३६ चे पुस्तक ऑग्डेन ह्यांच्या ८५० शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’ मध्ये लिहिलेले आहे, हेही अर्थपूर्ण आहे. मोजका शब्दसंग्रह आणि मोजक्या खुणा ह्यांच्यामागे एकच श्रद्धा होती. शब्द माणसांमाणसांत भेद पाडतात, चित्रे त्यांना जोडतात, ह्या त्यांच्या धारणेचा पूर्वार्ध भाषाभ्यासकाला अंशतः मान्य करता येईल. उत्तरार्ध मात्र पुढील इतिहासाने सरसकट खरा ठरविला नाही. परंतु नॉयराट स्वतः एवढे भोळे नव्हते. चित्रभाषा ही शब्दभाषेची साहाय्यक आहे, तिची जागा घेणारी नव्हे, हे त्यांनी स्पष्टपणे मानले होते.

आता इमोजीच्या प्रत्यक्ष इतिहासाकडे वळू. १९८२ च्या सप्टेंबर महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन ह्यांनी संगणकावरील चर्चेत विनोद हा विनोद म्हणून कळावा ह्यासाठी अपूर्णविराम, संयोगरेषा आणि कंस ह्यांचा मिळून आडवा हसरा चेहरा सुचविला. येथे कारण लक्षात घ्यावे : लिहिलेल्या संवादात बोलणाऱ्याचा चेहरा आणि सूर नाहीसा झाला होता, त्याची भरपाई करावयाची होती. जपानमध्ये जे-फोन कंपनीच्या एका यंत्रावर १९९७ मध्ये ९० चित्रे आली. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो कंपनीच्या सेवेसाठी शिगेताका कुरिता ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १७६ चित्रांचा संच सिद्ध झाला. उभे बारा आणि आडवे बारा एवढ्याच बिंदूंत प्रत्येक चित्र बसवावयाचे होते. त्यांतील कितीतरी चित्रे भावनांची नव्हतीच. हवामान, वाहने, नक्षत्रराशी, दूरध्वनी अशी माहितीपर होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१६ मध्ये हा संच आपल्या संग्रहात दाखल करून घेतला.

प्रत्येक जपानी कंपनीचे संकेतांक वेगळे असल्याने जो गोंधळ होई तो निस्तरण्यासाठी गूगल आणि ॲपल येथील अभियंत्यांनी प्रस्ताव मांडले, आणि ऑक्टोबर २०१० मधील युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत ७२२ चिन्हांचा संच ग्राह्य ठरला. त्यांतील काही चिन्हे संहितेत पूर्वीच होती, बाकीची नव्याने आली. ह्याच आवृत्तीत आपल्या रुपयाचे चिन्हही समाविष्ट झाले, हा योगायोग मला फार उद्बोधक वाटतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अभिकल्पाचा अभ्यास केलेल्या डी. उदयकुमार ह्यांनी देवनागरी ‘र’ आणि वरची शिरोरेषा ह्यांतून घडविलेले ते चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. एकाच वेळी, एकाच संहितेत दोन प्रकारच्या खुणा दाखल झाल्या. एकीचा अर्थ शासनाच्या निर्णयाने एकच आणि निश्चित. दुसरींना नावे मिळाली, आकाराचा ढोबळ नमुना मिळाला, पण अर्थ मिळाला नाही. युनिकोड अक्षराला क्रमांक देते, अर्थ देत नाही. चित्र रेखिण्याचे स्वातंत्र्य तर प्रत्येक कंपनीचे.

ह्याचा परिणाम जोडलेल्या हातांच्या खुणेत उत्तम दिसतो. जपानी वापरात ती प्रायः विनंतीची किंवा क्षमायाचनेची खूण. पाश्चात्त्य वापरात प्रार्थनेची. काहींना ती दोघांनी हातावर दिलेली टाळी वाटली. आणि आपल्याकडे ती नमस्काराची, आभाराची आणि श्रद्धांजलीचीही. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हिची अभिधा एवढीच की, दोन तळवे जुळलेले आहेत. बाकी सारा व्यवहार व्यंजनेचा. आणि व्यंजना प्रकरण, वक्ता, श्रोता ह्यांवर अवलंबून असते हे आनंदवर्धनापासून आपण शिकत आलो आहोत. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, अगदी एकाच कंपनीने रेखिलेले एकच चित्र दाखविले तरी ते अनुकूल भावनेचे, प्रतिकूल भावनेचे की तटस्थ, ह्याविषयी दोन माणसांचे मत सुमारे २५ टक्के वेळा जुळत नाही. डोळे मिटून दात दाखविणारा एक चेहरा ॲपलच्या यंत्रावर वैतागलेला आणि इतरांच्या यंत्रांवर आनंदी भासे. वक्त्याने घरी एका यंत्रावर केलेली स्लाइड सभागृहातील दुसऱ्या यंत्रावर उघडली की, असा अर्थबदल त्याच्या नकळत घडू शकतो.

एक आक्षेप येथे संभवतो. प्रत्येक नवी खूण आरंभी उपरीच असते, मग इमोजीलाच हा जाच का? आक्षेप निराधार नाही. मोडी लेखनात आधी ओळभर रेघ मारून तिच्याखाली अक्षरे अखंड लिहीत; शब्द तोडण्याची पद्धत नव्हती, विरामचिन्हेही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी ह्यांनी स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही मंडळी मराठीत रुजविली. आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. परंतु ती रुजली कशी? संख्येने थोडी, प्रत्येकीचे कार्य सांगितलेले, शाळांतून शिकविलेली आणि सर्वत्र एकसारखी, म्हणून. गधेगाळावरील चंद्रसूर्य, कँडींचा अर्धविराम आणि नॉयराटांचा मनुष्याकार ह्या तिन्हींच्या मागे हीच अट उभी आहे. इमोजींची संख्या आज हजारांत गेली असून दर वर्षी तीत भर पडते. २०१९ मध्ये साडी, रिक्षा, मंदिर आणि पणती ही चित्रे आली तेव्हा आपल्याकडे स्वाभाविकच आनंद झाला. पण संग्रह जितका फुगेल तितकी संकेत ठरण्याची शक्यता कमी होते, हे शास्त्रीय सत्य त्या आनंदाने बदलत नाही.

स्लाइडवरील इमोजीच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे, आणि माझ्या दृष्टीने ती मुख्य होय. फालमन ह्यांनी चेहरा सुचविला तो बोलणारा समोर नव्हता म्हणून. ग्रेचेन मॅक्‌कलक आणि लॉरेन गॉन ह्या भाषाभ्यासकांनी इमोजीची तुलना हातवाऱ्यांशी केली आहे, आणि ती मला ग्राह्य वाटते. पण व्याख्यानात तर हात, भिवया, आवाज हे सर्व घेऊन वक्ता प्रत्यक्ष उभा असतो! त्याच्या मागे पडद्यावर हसरा चेहरा असणे म्हणजे कीर्तनकाराने स्वतः गप्प राहून, आता हसावे, अशी पाटी दाखविण्यासारखे आहे. पत्रात जी खूण उणीव भरून काढते, तीच सभेत वक्त्याशी स्पर्धा करू लागते.

लक्ष वेधले जाते, हा पहिल्या पक्षाचा युक्तिवाद खरा आहे. प्रश्न कशाकडे वेधले जाते हा आहे. हार्प आणि मेयर ह्यांनी वीज कशी चमकते हे समजावणाऱ्या पाठावर जे प्रयोग केले त्यांचे निष्कर्ष १९९७ व १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठात रंजक पण कार्यकारणाशी असंबद्ध चित्रे आणि वाक्ये घातली असता विद्यार्थ्यांना पाठाचा गाभा कमी आठवला, आणि नव्या प्रश्नांना तो लागू करणेही त्यांना अधिक जड गेले. शब्दांचे स्पष्टीकरण करणारे चित्र मात्र उपकारक ठरते, हे मेयर ह्यांनीच अन्यत्र दाखविले आहे. सारांश चित्र नको असा निघत नाही. असंबद्ध चित्र नको असा निघतो.

स्लाइडवरील खुणांची उतरंड किती महाग पडू शकते ह्याचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना भंगले आणि कल्पना चावला ह्यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताविषयी अधिकाऱ्यांसाठी स्लाइडा केल्या. आदळलेला तुकडा पूर्वीच्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यांहून शेकडो पटींनी मोठा होता, म्हणजे त्या चाचण्यांवरून अनुमान काढणेच धोक्याचे होते. ही गोष्ट स्लाइडवर होती. पण ठिपक्यांच्या आणि रेघांच्या उतरंडीत अगदी तळाशी, लहान अक्षरांत. वरचा मथळा आश्वासक होता. एडवर्ड टफ्टी ह्यांनी ह्या स्लाइडचे पृथक्करण केले, आणि चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात त्याची दखल घेऊन तांत्रिक निवेदनाऐवजी स्लाइडा वापरण्याच्या प्रथेवरच ताशेरे ओढले. तेथे इमोजी एकही नव्हता. पण मुद्द्यापुढचा ठिपका हीसुद्धा एक खूण आहे. ‘हे मोठे, हे किरकोळ’ असे ती न बोलता सांगते, आणि पाहणारा तिचे ऐकतो. नुसता ठिपका एवढे करू शकतो, तर रंगीत चेहरा किती करील ह्याचा विचार व्हावा.

एका व्यावहारिक बाबीचा उल्लेख करणे अवश्य आहे. दृष्टिहीन विद्यार्थी स्लाइडा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने अभ्यासतात. ही आज्ञावली इमोजीपाशी येताच त्याचे अधिकृत नाव उच्चारते. नावे आता मराठीतही उपलब्ध आहेत. पाच मुद्द्यांपुढे पाच दिवे लावले की, त्या विद्यार्थ्याला ‘दिवा’ हा शब्द प्रत्येक वाक्याआधी ऐकावा लागतो. गधेगाळावरील चित्र मजकूर न पोचणाऱ्यासाठी होते. येथे चित्रच मजकुराच्या वाटेत उभे राहते.

मग इमोजी सर्वथा वर्ज्य मानावा काय? तसे मला वाटत नाही. स्थलकोश, नकाशा किंवा तक्ता ह्यांत, आरंभी अर्थ सांगून, तीच खूण शेवटपर्यंत त्याच अर्थाने वापरली तर ती नॉयराटांच्या परंपरेतच बसते. मुलाखतीतून मिळालेला शब्द कानाने, दफ्तरातून मिळालेला कागदाच्या खुणेने दाखविला, तर बोलींच्या सर्वेक्षणाचा तक्ता एका दृष्टिक्षेपात वाचता येईल. जेथे इमोजी हाच अभ्यासविषय आहे तेथे तर प्रश्नच उद्भवत नाही.

आमच्या स्वतःच्या शास्त्रातील एका खुणेविषयी मात्र थोडे लिहावेसे वाटते. ऐतिहासिक भाषाविज्ञानात शब्दापुढे तारका आली की, ते रूप लेखी पुराव्यात आढळलेले नाही, अनुमानाने पुनर्रचिलेले आहे, असे समजावयाचे. श्लायखर ह्यांच्यापासून हा संकेत रूढ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्मितिशील व्याकरणाने तीच तारका ‘हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अग्राह्य’ अशा अर्थाने घेतली, आणि संशयास्पद वाक्यासाठी प्रश्नचिन्ह. एक खूण, दोन शाखा, दोन अर्थ. तरी गोंधळ होत नाही, कारण दोन्ही संकेत लेखी स्वरूपात ठरलेले आहेत. अलीकडे काही परिसंवादांत तारकेच्या जागी रडवा चेहरा आणि प्रश्नचिन्हाच्या जागी हनुवटीला हात लावलेला चेहरा योजिलेला पाहण्यात आला. श्रोते हसले, हे खरे. परंतु ‘मी आंबा खाल्ली’ ह्या वाक्यापुढे रडवा चेहरा पाहिल्यावर ते वाक्य अशक्य आहे, अशिष्ट आहे, की वक्त्याला नुसते नावडते आहे, हे त्या चेहऱ्यावरून ठरत नाही. आणि व्याकरणाच्या वर्गात नेमके तेच ठरवावयाचे असते.